सासऱ्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर

सासऱ्यांचा उभा जन्म बसगाड्यांखाली गेला. त्यांनी बसवलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर प्रवाशाच्या पोटातलं पाणी हलत नसे. सून सरळ पट्टीवर सुसाट सुटायच्या ड्रॅग रेसमध्ये उतरली, तेव्हा तिच्या गाडीचे पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांनीच निवडले आणि सवयीनं त्यांचा कडकपणा ठरवणारे, खटक्या-खटक्यानं फिरणारे स्क्रू करकचून आवळले. पहिल्याच चाचणीत मागची चाकं जागच्या जागी गरगरली.

"मामंजी, नाक वर उचललं तरच वजन मागच्या चाकांवर बसेल. आत प्रवासी नाहीत, मी आहे."

"तू आहेस म्हणूनच आवळले," ते पुटपुटले; पण वाकून त्यांनी दोन्ही स्क्रू सहा-सहा खटके सैल केले.

आता गाडी नाक उचलून बाणासारखी सुटली. सासरे धापा टाकत मागोमाग पोचले.

"पोटातलं पाणी हललं का?"

"ढवळून निघालं!" ती खुशीत म्हणाली.

"मग अजून एक खटका सोडतो."