एप्रिलमधला स्वेटर

आईचं गोंदण तुम्ही कधी लपवायला लावलंत का? परवा गुडगावच्या ऑफिसात फिलिपिनो मैत्रिणीने तिच्या गावचा उत्सव मोबाइलवर दाखवला. अंग गोंदवून घेणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून लोक अंगभर नक्षी रंगवून बाळ येशूपुढे नाचत होते.

मला लक्ष्मीबाई नगरातलं आमचं लहानपणीचं सरकारी क्वार्टर आठवलं. एप्रिल होता, शाळेत पालकसभा होती.

"आई, स्वेटर घाल ना. तुझे हिरवे हात बघून पोरी हसतात."

"अगं, उकडून मरेन की!" म्हणाली, पण घातला.

वर्गात बाईंनी विचारलं, "ठंड लग रही है क्या?"

"हां जी, थोडा बुखार है," आई घाम पुसत म्हणाली. मला तेव्हा फक्त हायसं वाटलं होतं.

तुमच्या आईच्या हातावर गोंदण असेल, तर ते कुणी काढलं, किती दुखलं, हे आजच तिला विचारा.