पिंजरीचं बोट

बाबांच्या कॉम्प्युटरच्या डब्याला काळा रंग मी मारला. कट्टा गावातल्या दुकानात पांढऱ्याचाही स्प्रे होता. पण पांढरं म्हटलं की दर आठ दिवसांनी फडकं घेऊन उभं राहणं आलं, आणि फडकी मारायचा मला आता वीट आलाय. काळा मळखाऊ, म्हणून काळा घेतला.

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर हौसेने कॉम्प्युटर शिकले. गेली तीन वर्षं त्यांना विसर पडत चाललाय. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. वर्गातली मुलं मात्र अजून पाठ आहेत. रोज सकाळी चहा झाला की ते कॉम्प्युटरसमोर बसतात आणि कुठल्याशा जुन्या वर्गाची हजेरी टाइप करायला घेतात. एक नंबरपासून सुरुवात. सतरा-अठराला अडतात, मग परत एक. यात दोन तास जातात.

ते दोन तास माझे. मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसते आणि काहीही करत नाही. बाकीचा दिवस त्यांची आंघोळ, त्यांचं जेवण, चष्मा शोधणं, पुढच्या दाराची कडी बघणं यात जातो. या दोन तासांवर माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की बायका म्हणतात, "पुण्य लागतलां गो तुका."

चतुर्थीला महिना होता. आमचा गणपती पुढच्या खोलीत बसतो, कॉम्प्युटरही तिथेच. खाऱ्या हवेने डबा तळाकडून गंजलेला, खपल्या पडायच्या. वर दर दसऱ्याला बाबा त्याला पिंजरीचं बोट लावायचे. पिंजर म्हणजे आमच्याकडचं कुंकू. ते गळू नये म्हणून बाबा ते खोबरेल तेलात कालवायचे, आणि लावलेलं पुसू द्यायचे नाहीत. आरतीला येणारा माझा नांदगावचा चुलतभाऊ दर वर्षी विचारायचा, "हो तुमचो मारुती नवसाक पावता काय गो?" सगळे हसायचे, मीही हसायचे. पण चतुर्थीसाठी भिंतींना रंगाचा हात फिरवून झाल्यावर तो डबा एकटाच कळकट दिसायला लागला, आणि मला वाटलं, या घरात एक तरी गोष्ट माझ्या हातून पुरी होऊ दे.

दोन दिवस पाऊस उघडला तेव्हा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, वर्तमानपत्रं पसरली. डब्याची झाकणं काढली, आतली यंत्रं कागद आणि चिकटपट्टीने झाकली. पॉलिश पेपरने गंज घासला. स्प्रेचा डबा हलवला की आतली गोळी खुळखुळते, तो आवाज मला आवडला. पण पिंजर होती तिथे रंग बसेना. तेल मुरलेलं, रंग फाटून त्यात डोळ्यांसारखी गोल भोकं पडायला लागली. मग थिनर घेतलं आणि पत्रा लागेपर्यंत घासलं. बाबांचे बारा-तेरा दसरे अर्ध्या तासात फडक्यावर आले. तेव्हा मनात काही आलं नाही, खोटं कशाला सांगू. हवा दमट होती, पहिला हात पांढुरका पडला. तो वाळवून दुसरा मारला. संध्याकाळी डबा जागेवर ठेवला तेव्हा नवाकोरा दिसत होता आणि माझी कंबर धरली होती.

सकाळी बाबा चहा पिऊन आले आणि दारातच थांबले.

"हो कोणाचो?"

"तुमचोच, बाबानू. मियां रंग मारलंय त्येका."

"माझो तो पांढरो. पिंजर लावलेलो." त्यांनी हात मागे बांधले. "दुसऱ्याच्या वस्तूक इचारल्याबगर हात लावचो नाय."

चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं, ते बरं विसरतील! माझं नाव निसटतं, हे राहिलं. ते बसेनात. तो दिवस, दुसरा, तिसरा, ते घरभर माझ्या मागे फिरले. "माझो खंय गेलो?" कपाटात बघितलं, न्हाणीत बघितलं. चौथ्या दिवशी कडी काढून शेजारी विचारायला गेले. मी भात चुलीवर टाकून धावले, त्यांना हाताला धरून आणलं आणि ओरडले. वाईट ओरडले. लहान मुलासारखे ते भिंतीला टेकून उभे राहिले. मला स्वतःची लाज वाटली आणि तरीही राग जाईना.

पाचव्या दिवशी त्यांच्या आधी उठले. वाटीत खोबरेल घेतलं, पिंजर कालवली आणि काळ्या डब्यावर बोट उमटवलं. दसऱ्याला अजून खूप अवकाश होता.

बाबा आले. वाकून, चष्मा वर करून बघितलं. मग डोकं हलवलं.

"ह्यां बोट माझां नाय."

माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती. मी वाटी तशीच पुढे धरली. त्यांनी बोट बुडवलं आणि माझ्या बोटाच्या शेजारी दाबलं. त्यांचं रुंद, माझं अरुंद. अरुंद बोट पुसायला मी पदर पुढे केला तर त्यांनी माझा हात धरला.

"रवांदे. तुझां पण रवांदे."

मग खुर्ची ओढून बसले आणि एक नंबरपासून हजेरी सुरू केली.

माझे दोन तास मला परत मिळाले होते. पायरी बाहेर मोकळी होती, चहा गाळून ठेवलेला होता. मी ते दोन्ही तास त्याच खोलीत, बाबांच्या पाठीमागे बसून काढले.