भुयारी रस्ता आणि गाडीमागचा दोर

पाथर्डीकडचं आमचं गाव सोडून ऊसतोडीला काष्टीच्या बाजूला मी पहिल्यांदा आले ती आईबापाबरोबर. तिथंच सहावीतली शाळा सुटली. लग्नानंतर मालकांबरोबर येऊ लागले. ऊस रुळाच्या अलीकडं, कारखाना पलीकडं, मधे फाटक.

त्या फाटकाची मला धास्ती होती. एकदा भरल्या गाडीचा आमचा बैल रुळातच बसला. शेपूट पिळली, ओढला, उठेना. फाटकावरचे मामा लाल झेंडा घेऊन रेल्वेच्या दिशेनं पळत सुटले, म्हणून ती लांब थांबली. त्या मामांना मी अजून मनातल्या मनात हात जोडते.

पुढच्या हंगामाला आलो तर फाटक गेलेलं. सरकारनं रुळाखालून भुयारी रस्ता केला होता. बघायला आलेल्या साहेबांनी सांगितलं, आता रेल्वेची भीती संपली. ते खरंच होतं. पण बैलगाडीला ब्रेक नसतो. उतार लागला की सगळा ऊस बैलांच्या मानेवर येतो, आणि बैलांच्या पुढं मालक कासरे धरून उलट्या पावलांनी चालत असतात.

मग टोळीनं एक रीत पाडली. आधी फाटक उघडलं की जो तो आपली गाडी पुढं दामटायचा, कारखान्यावर नंबर लवकर लागावा म्हणून. आता एकमेकांसाठी थांबायचं. गाडीला मागून दोर बांधायचा नि सगळ्यांनी तो मागं ओढत गाडी हळूहळू खाली सोडायची. दोरावर माझी जागा सगळ्यांत पुढं.

पहिल्याच दिवशी मालक म्हणाले, "दोर सुटला तर बाजूला हो. माझ्याकडं पळू नको."

"आन तुमी?"

"मी बगतो माझं."

काय बघणार होते? दोन्ही अंगाला भिंती.

अवकाळी पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी भुयारात गाळ होता. आमच्यामागं एक दूधवाला मोटरसायकलवर अडकलेला. हॉर्न वाजवून वाजवून म्हणाला, "मावशी, वरात कवा हालायची?" दोरावरच्या बाया हसल्या. तेवढ्यात आमचे पाय घसरले. दोर हातातून सरकायला लागला, तळवे सोलले, गाडी खाली निघाली. मालकांनी सांगितलेलं मला आठवत होतं, पण बोटं सुटेनात.

मागं धाडकन आवाज झाला. दूधवाल्यानं मोटरसायकल तशीच आडवी टाकली होती नि दोराचं टोक धरून तो खाली बसला होता. गाडी थांबली. मालक भिंत आणि बैलाच्या खांद्याच्या मधे चेपलेले, पण उभे. डोक्यावरून रेल्वे धडधडत गेली. गाळात दूध पांढरं पसरत होतं. मी दूधवाल्याला कॅन उचलून दिला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाडी भरताना मालक मधेच "बास" म्हणाले. असं ते कधी म्हणत नाहीत. उसाच्या मोळ्या खाली उरल्या होत्या.

"अजून दोन उतरवा," मी म्हणाले.

त्यांनी उतरवल्या. तरी भुयाराशी आल्यावर दोराची गाठ मी पुन्हा ओढून बघितली.