मोटारीची वामकुक्षी

बिघडलेली वस्तू पाहून जावयासारखा खुलणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो आमच्या हिचा मामा. चालत्या वस्तूंत मामांना काडीचा रस नाही. आमच्याकडे डिचोलीला आले की पायांवर पाणी घेण्याआधी विचारतात, "जावंयबापू, काय बिघाडलां नाय मां?" नाही म्हटले की बिचाऱ्यांचा चेहरा असा पडतो की ही त्यांच्यासाठी एक मुका मिक्सर मुद्दाम राखून ठेवते. आमच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना मामा मांडवाच्या खांबाशी लाउडस्पीकर उघडून बसले होते. मुठीत अक्षता, ओठांत स्क्रू. शेवटच्या मंगलाष्टकाला तो खरखरणारा कर्णा एकाएकी इतका खणखणीत वाजला की भटजी स्वतःच्याच आवाजाला दचकले. मामांनी आनंदाने अक्षता टाकल्या, त्या कर्ण्यावर!

पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून सुटल्यावर त्यांनी धारगळच्या घरी व्हरांड्यात, निजायच्या खोलीच्या जनेलाखालच्या, म्हणजे खिडकीखालच्या, मेजावर, एक सीएनसी मशीन जुळवले. संगणकातली नक्षी लाकडावर आपोआप कोरणारे यंत्र हो. लोक आयते घेतात, मामांनी नट-बोल्टापासून उभे केले. त्यातल्या स्टेपर मोटारींचे कौतुक तर विचारू नका. "साधी मोटार पिशी, गरगर फिरता. ही शिस्तीची. पावलां मोजून टाकता," हे त्यांनी सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही इतके समजावले की तो हल्ली फाटकावरूनच पाव देऊन सायकल पळवतो.

हा सगळा खटाटोप मामींसाठी होता. दरवर्षी चवथीला गणपतीचे मखर मामीच करायच्या. रंगीत कागदाची घडी घालून कात्री अशी सरसर चालवायच्या की उलगडल्यावर कमळांची रांगच्या रांग उभी राहायची. पण अलीकडे त्यांचा हात थरथरू लागला. एका चवथीला अर्ध्या कमळात त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "फुडल्या वर्सा बाजारातलां हाडा." नंतर मामांनी मामींची जुनी कागदी कमळे संगणकात घातली आणि जाहीर केले, "ह्या घरात बाजारातलां मखर येवचां नाय. हिचीच कमळां, लाकडात!"

आणि नेमकी इथे मोटार रुसली. सकाळी कमळ सुरेख उमलायचे. दुपारी जेवणानंतर मात्र मोटार पावले चुकायची आणि नक्षी सरकायची. पाकळ्या मोप्याच्या दिशेला, देठ म्हापशाच्या. चवथ तोंडावर आली, व्हरांड्यात वाकड्या कमळांची रास साचली. मामांनी सगळे स्क्रू आवळले, दांड्यांना तेल दिले, विजेचा दाब तपासला. दुखणे मोटारीचे की शेजारच्या पंखा लावलेल्या पेटीतून तिला वीज देऊन हाकणाऱ्या ड्रायव्हरचे, हे कळावे म्हणून या मोटारीची वायर त्या ड्रायव्हरला आणि त्या मोटारीची या ड्रायव्हरला लावून पाहिली. दोघीही दुपारी सारख्याच बिघडल्या! शेवटी त्यांनी मशीनपुढे नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या मोटारीचां पावल खंय चुकला-माकला आसात, तां सारख्या वाटेक लाय रे म्हाराजा!" मी "व्हय म्हाराजा" म्हणालो, कुंपणापलीकडून शेजारीही म्हणाले. दुपारी कमळ पुन्हा वाकडे. मामा हताश होऊन म्हणाले, "गोंयचां पाणी लागलां हिका. जेवान न्हिदता."

चवथीआधीच्या रविवारी जेवून मी व्हरांड्यातल्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, पेंगत होतो. मशीन चालू होते, मामा श्वास रोखून पाहत होते. इतक्यात मामी आतून आल्या. "माजी वाकळ खंय? पावसान गारठलंय, सगळ्या घरात सोदतंय!" आणि त्यांची नजर मशीनशेजारच्या पेटीवर गेली. ड्रायव्हरांच्या त्या पेटीवर त्यांची गोधडी चारही बाजूंनी नीट खोचलेली. मामींनी ती ओढली आणि पेटीला लागलेला हात चटकन मागे घेतला. "अगे बाय! ह्या तापलेल्या पेटयेक वाकळ कित्याक?"

मामा पोरासारखे खाली बघत म्हणाले, "पेटयेतल्या पंख्याचो आवाज येता. तुजी दुपारची न्हीद मोडता म्हणान घालतंय."

मला हसू आवरेना. लाकूड खाणारे ते पाते अख्ख्या वाड्याला ऐकू जाते, आणि हा माणूस दुपारभर त्या इवल्या पंख्याला गोधडी पांघरत होता! पंख्याची हवा कोंडली, ड्रायव्हर तापले, तापून मध्येच गप्प झाले. मोटारीने पावले चुकू नयेत तर काय करावे? सकाळी मामी जाग्या, म्हणून गोधडी नाही आणि बिघाडही नाही. जगाचे बिघाड शोधणाऱ्या मामांना एवढेच दिसले नव्हते.

मामी मात्र हसल्या नाहीत. गोधडी छातीशी धरून म्हणाल्या, "माजी न्हीद मशीनान मोडना नाय. तां बंद पडता आणि तुमी सुस्कारे सोडतात, तेन्ना मोडता. आवाज चालू आसलो काय माका बरां वाटता. भायर तुमी आसात म्हणान कळता."

चवथीला मखर उभे राहिले. मामींनी थरथरता तळवा एका लाकडी कमळावर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि हळूच म्हणाल्या, "माजांच मां ह्यां." मामा लगबगीने दिव्यांच्या माळेचा प्लग तपासायला वळले. माळ व्यवस्थित चालू होती.

परवा धारगळला गेलो तर मामी बऱ्याच थकलेल्या वाटल्या. दुपार बहुतेक अंथरुणातच जाते. व्हरांड्यात मशीन चालू होते. जवळ जाऊन पाहतो तर लाकूड नाही, पातेही काढून ठेवलेले. मोटारी नुसत्याच पावले मोजत इकडून तिकडे जात होत्या.

"मामा, कोरायला काही नाही, मग हे कशाला चालू?"

मामांनी ओठांवर बोट ठेवले आणि मामींच्या खोलीच्या जनेलाकडे पाहिले. "हळू उलय. आत्ताच न्हिदल्या ती."