शालूमावशीची हनुवटी

माझी मावशी शालूबाई इस्लामपूरजवळच्या गावची. सोळाव्या वर्षी तिच्या हनुवटीवर केस आले आणि आजी घाबरली. राख चोळून ते उपटायचे, नाहीतर केस झडायला चुन्यात हरताळाची पूड कालवून लेप द्यायचा. कातडी भाजायची. मावशी कळवळली की आजी म्हणायची, "गप बस. पावणं बघाय येणार हायती."

एकाहत्तर साली फलटणकडच्या सयाजीशी तिचं लग्न झालं. तो फौजेत होता. पहिल्याच रजेत त्याच्या लक्षात आलं. त्यानं भांडण केलं नाही. ट्रंकेतला वस्तरा काढून तिच्या हातात दिला. "रोज मी उठायच्या आत करत जा. कुणाला कळाय नगं."

तो नोकरीवर गेला, पण नियम राहिला. सासू मनुबाई पहारा ठेवायच्या. मावशी पहाटे न्हाणीत बसून दाढी करायची. कापलं तर हळद दाबायची. अशी चार वर्षं गेली. मूल झालं नाही.

एका शनिवारी विहिरीवर दहा बायकांसमोर मनुबाई बोलल्या, "पोर व्हईल कसं? सून म्हणून बाप्याच आणलाय घरात." बायका हसल्या. मावशी घागर तिथंच टाकून घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा न्हावी घरातल्या पुरुषांची दाढी करायला आले. सासऱ्यांची झाली. गुंडा नावाचा दीर बसणार, तेवढ्यात मावशी बाहेर आली आणि पाटावर बसली.

"कोंडीबा, माजीबी करा."

"वैनी, आत जावा."

"का? ह्या घरात ज्याला दाढी हाय त्याची तुमी करता. मला हाय. काल सगळ्या गावाला सांगून झालंय."

सासरे उठले. "लाज हाय का न्हाई?"

"हुती. चार वरसं रोज पहाटं न्हाणीत खरवडून काढली."

कोंडीबांनी धोपटी गुंडाळली. जाताना खाली बघत पुटपुटले, "वस्तऱ्याचा उलटा हात फिरवू नगंस पोरी. पुरळ उठतं."

दुपारच्या एसटीनं मावशीला माहेरी धाडलं. आजी रडली, "आता मी तोंड कुटं दावू?"

"तुजं कशाला? तोंड माजं हाय," मावशी म्हणाली.

पुढं ती कुपवाडच्या एका कारखान्यात नटबोल्ट निवडायला लागली. कामावरची मैत्रीण साबेरा हिनं सांगलीत आपल्या खोलीत जागा दिली. मावशीनं दाढी करणं सोडलं. मुकादम म्हणाला, "बाई, तोंडावर पदर घ्या." तिनं विचारलं, "का? मशीन बंद पडतंय व्हय?"

सत्त्याहत्तरला सयाजी कारखान्याच्या फाटकावर आला. "चल घरी. आई काय बोलायची न्हाई. फकस्त तेवढं करत जा."

"तुमी रजेत आठ-आठ दिस दाढी ठेवता. मी कवा बोलले?"

"बाप्याचं येगळं असतंय."

"मग येगळंच ऱ्हावा," म्हणून ती आत गेली.

वर्षभरात त्यानं दुसरं लग्न केलं. लोक मावशीला तापट म्हणायचे. सयाजीचा अजून राग येतो का, असं मी एकदा तिला विचारलं.

"त्याचा कमी येतो," ती म्हणाली. "त्यानं वस्तरा दिला आन मी घेतला, ह्याचा लय येतो."