साडेपाच तास मागचं घड्याळ

मिलिंद गेल्याचं गावाला मीच सांगितलं, आणि गावानं ते खरं मानलं नाही. सावंगीच्या दवाखान्यातून शोभाताईचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. मी तसाच अनवाणी नाचणगावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर गेलो आणि म्हणालो, "मिलिंद गेला." टपरीवाला रामभाऊ गाळणी झटकत म्हणाला, "कुठी गेला? लंडनले का?" बाकडं हसलं. त्यांचा दोष नाही. धाम नदीत मगर पकडून तिला पवनारच्या बसमध्ये अर्ध्या तिकिटावर बसवल्याचं मी याच बाकड्यावर पन्नासदा सांगितलं आहे. मग रामभाऊचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं, आणि त्यानं गॅस बंद केला.

मिलिंद माझा शाळेपासूनचा दोस्त. माझा गावात फोटो स्टुडिओ आहे. तो पायलट झाला, एका छोट्या कंपनीत, पंख्याची विमानं लहान लहान शहरांना नेणारा. त्याचा पगार उतरवायला पुलगावला मालगाडी थांबते, असं मी गावाला सांगून ठेवलं होतं. खरी गोष्ट त्यानं एकदा माझ्या स्टुलावर बसून सांगितली. "बबन्या, चाकाखाले ठोकळे राह्यते. ते काढले का मीटर सुरू, परत लावले का बंद. धुक्यात चार घंटे बसून राह्यलो, तर त्याचे पैसे नाई."

"मंग ऑटोवाला बरा ना बे! वेटिंग तरी घेते."

तो इतका हसला, की स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेलं काश्मीर दोनदा हललं.

महिन्याला अमुक तासांचे पैसे, उडो न उडो, नक्की मिळतील अशी हमी असे. त्यावरच घर चालायचं. एका सकाळी कंपनीनं नव्या पोरांची, म्हणजे को-पायलटांची, ती हमी निम्म्यावर आणली. ईमेलनं. कॅप्टन लोकांच्या तासांना हात लावला नाही. मिलिंद कॅप्टन, तरी पोरांच्या बाजूनं बोलला. साहेबानं त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "आप तो सीनियर हैं, आपका क्या जाता है?" मिलिंद स्वतः कर्ज काढून पायलट झालेला, एका खोलीत सहाजणांत झोपलेला. संप केला तर नोकरी जाणार. आजारी पडायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ठरलं, की सगळ्यांनी एकाच दिवशी आजारी पडायचं.

तो बॅग घेऊन घरी आला, खाटेवर आडवा झाला आणि फोन माझ्या हातात दिला. "ताई खोटं बोलत नाई, मले बोलता येत नाई. फोन आला तर तू उचलजो. म्हणजो, ताप आहे, झोपून आहे. बस. एवढंच."

जन्मभरात मला कुणी थाप मारायचं काम सोपवलं ते एवढंच, आणि तेही एवढुसं.

सकाळी दहाला फोन आला. गोड आवाज. मी म्हणालो, बुखार है. पलीकडून विचारलं, "ज्यादा है क्या?" ...झालं! "ज्यादा? साहब, माथे पे पापड सेक रहे हैं! दो बार बेहोश हो गए. सावंगी में सात डॉक्टर खडे हैं." समोर मिलिंद खाटेवर उठून बसला आणि विमान थांबवायला दाखवतात तसे दोन्ही हात डोक्यावर आडवे करून हलवू लागला. मला वाटलं, दाद देतोय. मी वर ऑक्सिजनचा सिलिंडरही आणवला.

पायलटाला ताप चालतो. बेशुद्धी चालत नाही. कंपनीनं दवाखान्याचे कागद मागितले, ते कुठून येणार? बेशुद्धी खरी म्हणावी, तर विमानाला हात लावायची सोय नाही. खोटी म्हणावी, तर कंपनीला फसवलं. पाच दिवसांनी बोलणी झाली, पोरांचे तास परत मिळाले, सगळे कामावर गेले. एक माणूस सोडून. पोरांचे फोन आधी रोज येत, मग सणासुदीला, मग तेही नाही.

'फोनवरचा माणूस गावचा थापाड्या होता,' एवढं त्यानं लिहून दिलं असतं, तर कदाचित सुटला असता. मी एकदाच ते सुचवलं. तो म्हणाला, "तुह्यं नाव कायले पाहिजे त्या कागदात?"

पुढची आठ वर्षं तो दिवसा गणिताच्या शिकवण्या घ्यायचा आणि संध्याकाळी माझ्या स्टुलावर बसायचा. त्याच्या खोलीत एक घड्याळ होतं. वैमानिकांचं सगळं काम जगभर एकाच वेळेवर चालतं, आपल्याहून साडेपाच तास मागच्या. ते घड्याळ त्या वेळेवर होतं, आणि त्यानं ते कधी बदललं नाही. नागपूरला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं, की तो आभाळाकडे बघत नसे, घड्याळाकडे बघे. आणि मी, बाकड्यावर मगरींची शाळा भरवणारा माणूस, त्या फोनची गोष्ट मात्र कुठंच बोललो नाही. त्याच्याशीसुद्धा पुन्हा नाही.

मिलिंद गेल्यावर तीन आठवड्यांनी शोभाताईकडे गेलो. ती त्याचे पांढरे शर्ट घडी घालत होती. "ताई, तो फोन मी उचललता. त्याची नोकरी माह्यामुळं गेली." पापड, सात डॉक्टर, सिलिंडर... सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मिलिंदनं सांगून ठेवलतं मले," ती म्हणाली. "म्हणे, बबन येईन, अन् म्हणन का माह्यामुळं झालं. ऐकून घेजो, चहा पाजजो, पण विश्वास ठेवू नको. लय थापा मारते तो."

मी आईची शपथ घेतली.

"बस झालं, बबन. चहा थंडा होऊन राह्यला."

निघताना तिनं ते घड्याळ माझ्या हाती दिलं. आता ते स्टुडिओत आहे, काश्मीरच्या बाजूला. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं सांगतात, काका, तुमचं घड्याळ मागं आहे. यावर एखादी झकास गोष्ट रचायला मला चुटकीचा वेळ लागला असता. अजून रचली नाही.

रोज सकाळी दहाला मी त्याच्याकडे बघतो. तिथं साडेचार वाजलेले असतात. फोन यायला बराच वेळ असतो. दुकानात कुणी नसलं, की हळूच म्हणून बघतो... बुखार है. सोए हैं.

बस. एवढंच.