हँडबॉल म्हणजे फाउल ना?

मी त्याला ओळखलं ते कोबीवरून. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या देशी दुकानात एक उंचापुरा गोरा माणूस कोबीचा गड्डा वरून, एकट्या डाव्या हाताने, पाचही बोटं पसरून उचलत होता. हँडबॉल असाच पकडतात. नागपूरला कॉलेजात असताना आमच्या सरांनी या माणसाच्या मॅचच्या कॅसेट झिजेपर्यंत दाखवल्या होत्या. उजव्या कोपऱ्यातून झेप घेऊन हवेतूनच गोल करणारा तो डावखुरा जर्मन! मी टोपली तिथेच ठेवून धावले.

त्याच्या बायकोला पिस्कॅटवेच्या विद्यापीठात नोकरी लागली होती, म्हणून तोही आला होता. पुढे आमच्याकडे चहाला येऊ लागला. तिकडे म्हणे लोक पोरांना त्याचं नाव ठेवायचे, रेल्वेतला तिकीट तपासनीस आधी सही मागायचा आणि मग तिकीट. गुडघा गेला, खेळ सुटला, तरी गावच्या बेकरीत त्याला कुणी रांगेत उभं राहू देत नसे. इथे त्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

मला तरी कोण विचारत होतं? मी विद्यापीठाच्या संघाची गोलकीपर होते, हे माझ्या लेकीला थापा वाटत. "दॅट्स नॉट अ रिअल स्पोर्ट, आई," असं म्हणून ती विषय मिटवायची. म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला मी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. तिने एकदा त्याच्याकडून माझ्या खेळाविषयी ऐकावं, तो पाहावा, एवढंच मला हवं होतं. त्यानेही शब्द दिला, की तू गोलमध्ये उभी राहा, मी सगळ्यांसमोर शॉट मारतो.

मंडळाचे अध्यक्ष काका मात्र गोंधळले. "अगं, हँडबॉल म्हणजे फाउल ना?"

"काका, तो फुटबॉलमधला. हा वेगळा खेळ आहे."

"बरं बरं, जर्मन आहे ना? मी करतो अनाउन्स."

आणि काकांनी माइकवरून ठोकून दिलं, "जर्मनीचे फेमस सॉकर प्लेअर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गोलमध्ये हात पसरून उभी होते. आता हा हसून चूक दुरुस्त करील, असं मला वाटलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, गर्दीला हात केला, आणि कुणीतरी पुढे केलेला फुटबॉल जमिनीवर ठेवून सणसणीत लाथ मारली. ज्या खेळात गुडघ्याखाली चेंडू लागू दिला तरी शिट्टी वाजते, त्या खेळात जन्म काढलेला माणूस! चेंडू माझ्या शेजारून गेला, मी हातसुद्धा हलवला नाही.

बाजूला गाठून मी विचारलं, "असं का केलंस?"

"समजावत बसायचा कंटाळा आला," तो म्हणाला. "आणि किती दिवसांनी टाळ्या ऐकल्या मी!"

त्याने मला धडधडीत फसवलं होतं. त्याच्या सत्काराची शाल मी काकांच्या हातात कोंबली आणि गाडीकडे निघाले.

लेक मागून धावत आली. "आई, ही इज सो कूल! म्हणजे तू पण ॲक्चुअली सॉकरच खेळायचीस?"

"नाही. हँडबॉल."

ती हसली. माझं खरं आहे असं तिला सांगू शकेल, असा एकच माणूस या देशात मला माहीत होता. तो तिकडे पोरांच्या फुटबॉलवर सह्या करत होता.